कनाल प्लस: फ्रान्सच्या सिनेमा चॅनलबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कनाल प्लस म्हणजे नेमकं काय?

फ्रान्समधलं पैसे भरून बघायचं पहिलं टीव्ही चॅनल. ४ नोव्हेंबर १९८४ ला सुरू झालं. तेव्हाही लोक पैसे मोजायचे ते मुख्यतः सिनेमासाठी आणि आजही सिनेमा हाच त्याचा कणा आहे, जोडीला खेळ आणि स्वतः बनवलेल्या सिरीज. फ्रेंच सिनेमा बघणाऱ्यांना सुरुवातीच्या नामावलीत "कनाल प्लसच्या सहभागाने" ही ओळ इतक्या वेळा दिसते की शेवटी प्रश्न पडतोच की हे लोक आहेत तरी कोण आणि प्रत्येक सिनेमात यांचं नाव कसं काय. हे सगळं लिहायला घेतलं ते त्याच प्रश्नासाठी, कारण माझ्या मते या चॅनलचं खरं मोठेपण त्या एका ओळीत आहे, बाकी गमतीजमती नंतर.

सुरू कोणी केलं? सरकारने की खासगी माणसाने?

दोघांनी मिळून म्हणावं लागेल. १९८४ पर्यंत फ्रान्समध्ये तीनच चॅनल होती, टेएफ १, आंतेन २ आणि एफआर ३, तिन्ही सरकारी. राष्ट्राध्यक्ष होते फ्रान्स्वा मितेराँ. त्यांचे अगदी विश्वासू, एकेकाळी त्यांच्या कार्यालयाचे प्रमुख राहिलेले आंद्रे रूसले १९८२ मध्ये हावास या मोठ्या जाहिरात कंपनीचे प्रमुख झाले, आणि हावासमध्ये तेव्हा सरकारचाच वरचष्मा होता. चौथं चॅनल काढायचं ठरलं तेव्हा सांस्कृतिक खात्याकडच्या मंडळींना वाटत होतं की शैक्षणिक, कलाविषयक असं काहीतरी व्हावं, पण रूसलेंचं लक्ष अमेरिकेतल्या एचबीओकडे होतं. महिन्याला वर्गणी घ्यायची, नवे सिनेमे दाखवायचे, लाइव्ह मॅच दाखवायच्या. डिसेंबर १९८३ मध्ये सरकारने हावासशी करार करून परवाना दिला.

चॅनल प्रत्यक्ष चालवणाऱ्यांत दोन नावं सगळ्यात महत्त्वाची. पिएर लेस्क्यूर, हे आधी सरकारी आंतेन २ वर पत्रकार होते, आणि आलाँ द ग्रेफ, कार्यक्रमांची सगळी चव या माणसाची. रूसले पैसा आणि राजकारण सांभाळणार आणि ही दोघं पडद्यावर काय दिसेल ते बघणार अशी वाटणी होती आणि ती दहा वर्षं छान चालली.

केबल नव्हती, डिश नव्हती, मग पैसे न भरणाऱ्याला अडवायचे कसे?

मला यातला सगळ्यात आवडता भाग हाच. फ्रान्समध्ये काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या जमान्यातलं ८१९ रेषांचं एक जुनं प्रक्षेपण जाळं होतं, जगातल्या सगळ्यात बारीक चित्रांपैकी एक, पण १९८३ मध्ये ते कायमचं बंद केलं. टॉवर उभे, फ्रिक्वेन्सी मोकळी. कनाल प्लसला तेच जाळं मिळालं. म्हणजे सिग्नल घराघरात छतावरच्या अँटेनातूनच यायचा, पण विस्कटलेला. तो सरळ करायला डीकोडर लागायचा, त्यासाठी ४८० फ्रँक डिपॉझिट आणि महिन्याला १२० फ्रँक वर्गणी.

डीकोडरवर आकड्यांची बटणं असायची आणि दर महिन्याला पोस्टाने आठ आकडी कोड यायचा, तो दाबला की पुढचा महिना चालू. पत्र उशिरा आलं की घरात बोंबाबोंब. डीकोडर टीव्हीला जोडायचा तो पेरितेल नावाच्या चपट्या एकवीस पिनांच्या सॉकेटने, आणि फ्रान्समध्ये १९८० पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टीव्हीला हे सॉकेट सक्तीचं होतं, त्यामुळे नव्या टीव्हीवाल्यांचं काम सोपं. जुने टीव्ही असलेल्यांचं मात्र अवघड होतं, आणि बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांचं त्याहून अवघड, कारण सगळ्या बिल्डिंगची मिळून एकच अँटेना, ती या जुन्या फ्रिक्वेन्सीसाठी नव्याने लावून घ्यायला सगळ्यांची परवानगी घ्या, मग माणूस बोलवा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये असला विषय कसा लांबतो ते आपल्याला सांगायला नको.

डीकोडर नसेल तर पडद्यावर काय दिसायचं?

चित्र दिसायचं, पण हललेलं. पहिल्या पद्धतीचं नाव होतं दिस्क्रे ११. टीव्हीचं चित्र आडव्या रेषांचं बनलेलं असतं, तर ही पद्धत प्रत्येक रेषेला थोडा उशीर करायची, काहींना शून्य, काहींना साधारण ०.९ मायक्रोसेकंद, काहींना १.८. म्हणजे वह्यांची नीट रचलेली थप्पी बाजूने कोणीतरी विस्कटावी तसं, काही रेषा जागेवर, काही थोड्या उजवीकडे सरकलेल्या, आणि दर क्षणाला ती मांडणी बदलणार. आवाजाचंही तसंच, वरचे सूर खाली आणि खालचे वर उलटवलेले, त्यामुळे माणूस बोलतोय हे कळायचं पण शब्द एक कळायचा नाही.

तरी डोळे बारीक करून माणसांचे आकार ओळखू येत, म्हणून फ्रान्समध्ये त्या पिढीतल्या प्रत्येकाकडे याचा किस्सा आहे. स्वयंपाकघरातली चाळणी डोळ्यांसमोर धरून जोरात हलवली की चित्र सरळ दिसतं अशी एक समजूतही देशभर पसरली होती, आणि कित्येक पोरांनी ते खरंच करून पाहिलं.

पैसे न भरता चोरून बघणंही लगेच सुरू झालं. चॅनल सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, डिसेंबर १९८४ च्या अंकात रादियो प्लाँ या इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकाने घरी डीकोडर कसा बनवायचा याचा नकाशाच छापला. चॅनल कोर्टात गेलं, पण नकाशाच्या झेरॉक्स फिरायच्या त्या फिरल्याच. पुढे नव्वदच्या सुरुवातीला नागराव्हिजन नावाची जास्त पक्की पद्धत आली, त्यात रेषांचा क्रमच बदलायचा आणि कोडऐवजी प्लास्टिकची चावी आत घालायची.

पहिल्या दिवशी काय दाखवलं?

सकाळी आठला प्रक्षेपण सुरू. पहिला सिनेमा होता जेरार उरी यांचा "लास देझास", जाँ-पॉल बेलमोंदो हिरो, १९८२ मध्ये थिएटरात तुफान चाललेला. निवड अगदी हिशोबी होती, कारण तोपर्यंत टीव्हीवर इतका ताजा आणि इतका मोठा सिनेमा बघायची कोणाला सवयच नव्हती. त्याच दिवशी टॉप ५० सुरू झालं, फ्रान्समधल्या रेकॉर्ड विक्रीची पहिली खरी यादी, आणि ते कोणालाही फुकट दिसायचं.

पहिल्या दिवशी वर्गणीदार होते साधारण १,८६,०००.

आणि एक गोष्ट आता क्षुल्लक वाटेल पण तेव्हा नवीन होती, एकच सिनेमा आठवड्याभरात वेगवेगळ्या वेळी पाच-सहा वेळा लावायचा. आज रात्री जमलं नाही तर परवा दुपारी बघा. सरकारी चॅनलवर एकदा चुकला की चुकला.

ते सुरुवातीलाच बुडायला आलं होतं हे खरं का?

हो, अगदी खरं. जानेवारी १९८५ मध्ये मितेराँनी जाहीर केलं की आता फ्रान्समध्ये खासगी चॅनलही येतील, आणि ती फुकट असतील. आता विचार करा, दोन महिन्यांपूर्वी लोकांना १२० फ्रँक भरायला लावलेत आणि तुमचाच पाठीराखा सांगतोय की थोडं थांबा, फुकट येणार आहे. वसंतापर्यंत नवे लोक येईनात, आहेत ते सोडायला लागले, पेपरात चॅनलचे मृत्युलेख लिहायची तयारी सुरू झाली.

रूसलेंनी सरकारकडे धरणं धरल्यासारखं करून दोन गोष्टी मिळवल्या, डीकोडरशिवाय दिसणाऱ्या वेळा वाढवून घेतल्या आणि त्या वेळात जाहिराती घ्यायची मुभा. ही फुकटची वेळ म्हणजे चॅनलचं दुकानाबाहेरचं शोकेस झालं, दुपारी आणि संध्याकाळी कोणीही बघावं, आवडलं तर रात्रीच्या सिनेमासाठी पैसे भरावेत. ते चाललं. फुकट चॅनल आली १९८६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, ला सँक आणि टेव्हे ६, पण तोपर्यंत कनाल प्लसचा जम बसला होता आणि त्याच वर्षी वर्गणीदार दहा लाखांच्या पुढे गेले. नोव्हेंबर १९८७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, तेही ऑक्टोबरमधल्या जगभरच्या पडझडीनंतर लगेच. आणि ज्या ला सँकची एवढी धास्ती होती ते १९९२ मध्ये बंद पडलं.

सिनेमावाल्यांनी ताजे सिनेमे टीव्हीला द्यायला होकार कसा दिला?

हाच तो मुख्य प्रश्न. ऐंशीच्या दशकात फ्रेंच प्रोड्युसर आणि थिएटरवाले टीव्हीला घाबरून होते, आणि त्यांची भीती रास्त होती. फ्रान्समध्ये आधीपासून नियम होते की टीव्हीने थिएटरच्या पोटावर पाय द्यायचा नाही. बुधवारी नवे सिनेमे लागतात म्हणून त्या संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा नाही, शुक्रवार-शनिवारी रात्री लोक बाहेर पडतात म्हणून तेव्हाही नाही. आणि थिएटरात लागलेला सिनेमा साध्या चॅनलवर यायला साधारण तीन वर्षं.

कनाल प्लसने सांगितलं, आम्हाला एका वर्षात द्या. बदल्यात आम्ही आमच्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा सिनेमा विकत घेण्यात घालू, त्यातला ठरलेला भाग फ्रेंच आणि युरोपियन सिनेमांवर, वाराचे आणि वेळेचे निर्बंधही आमच्यापुरते ठरवून पाळू. पुढे हा हिस्सा करारात आणि नियमात आकड्यांसकट बसवला गेला, एकूण उत्पन्नाच्या साधारण पाचवा भाग सिनेमाच्या हक्कांवर. चॅनल मोठं झालं की सिनेमाचा पैसा आपोआप वाढणार, म्हणजे ज्या माणसाला टीव्हीची भीती वाटत होती त्याचंच पोट त्या टीव्हीवर भरणार. मला हा करार म्हणजे अतिशय शहाणपणाचं काम वाटतं. दोन्ही बाजू एकमेकींना मारायला बसल्या होत्या आणि कोणीतरी टेबलावर असा कागद ठेवला की दोघींना जगायला एकमेकींची गरज पडली.

थिएटर आधी, मग काही महिन्यांनी पे चॅनल, मग फुकट चॅनल, अशी जी रांग ठरली तिला तिकडे माध्यमांचा क्रम म्हणतात आणि आजही फ्रान्समध्ये सिनेमावरची सगळी भांडणं या रांगेतल्या जागेवरूनच होतात.

पण पैसे मिळायचे कसे, सिनेमा झाल्यावर की आधी?

आधी, आणि सगळी जादू या "आधी" मध्येच आहे. प्रोड्युसर स्क्रिप्ट घेऊन चॅनलकडे जातो. चॅनलला पटलं तर सिनेमा शूट व्हायच्या आधीच ते दाखवायचे हक्क विकत घेतं आणि रकमेचा करार करतं. तो करार घेऊन प्रोड्युसर बँकेत जातो, बँक त्यावर कर्ज देते, कारण कनाल प्लसची सही म्हणजे पैसे येणारच. मग वितरक, मग एखादं फुकट चॅनल, मग सरकारी सिनेमा केंद्राची मदत असं एकावर एक जुळत जातं. हे सरकारी केंद्र १९४६ पासून आहे आणि प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर गोळा करून तोच पैसा परत सिनेमात घालतं, म्हणजे अमेरिकन सुपरहिरोचं तिकीट काढणाराही फ्रेंच सिनेमाला हातभार लावतो.

नव्वदच्या दशकात अशी वेळ आली की फ्रान्समध्ये बनणाऱ्या बहुतेक सिनेमांत कनाल प्लसचा पैसा होता. फक्त स्टारवाले नाहीत, पहिलाच सिनेमा करणाऱ्या पोरापोरींचेही. म्हणून ती नामावलीतली ओळ.

याचा धोकाही तेव्हाच दिसत होता. सगळा उद्योग एकाच दारात उभा राहिला की त्या दारामागच्या माणसाला काय आवडतं यावर बरंच काही ठरायला लागतं. आणि रक्कम उत्पन्नाच्या टक्क्यात बांधलेली असल्यामुळे वर्गणीदार घटले की सिनेमाचा पैसाही घटणार, आणि पुढे तसंच झालं.

स्टुडिओकनाल म्हणजे हेच का?

त्यांचीच कंपनी. हक्क विकत घेत बसण्यापेक्षा स्वतः सिनेमा बनवावा आणि जुन्या सिनेमांचा साठा गोळा करावा म्हणून ऐंशीच्या शेवटी काढली. सुरुवातीला हॉलिवुडच्या कॅरोल्को कंपनीत पैसे घातले, म्हणून १९९१ च्या "टर्मिनेटर २" च्या नामावलीतही यांचं नाव सापडतं. कॅरोल्को पुढे बुडाली. पण साठा वाढत गेला, आज हजारो जुन्या सिनेमांचे हक्क त्यांच्याकडे आहेत आणि त्यांची नीट दुरुस्ती करून नव्या प्रती काढायचं काम ते करतात. "पॅडिंग्टन"चे सिनेमे पण त्यांचेच.

कॉमेडी आणि बाहुल्यांचं काय ते?

त्या फुकटच्या वेळातली ही कमाई. १९८७ ला "नुल पार आयर" नावाचा संध्याकाळचा कार्यक्रम सुरू झाला, फिलिप जिल्दास आणि अँटवान द कोन, गप्पा, पाहुणे, गाणी, आणि मधे मधे वेडेपणा. त्यात ले न्युल नावाची चौघांची टोळी होती, त्यातला आलाँ शाबा पुढे मोठा दिग्दर्शक झाला. आणि १९८८ पासून लॅटेक्सच्या बाहुल्यांच्या बातम्या, पुढे "ले गिन्योल" म्हणून गाजलेल्या, ज्यात राष्ट्राध्यक्षापासून फुटबॉलपटूपर्यंत कोणालाही सोडायचे नाहीत. १९९५ च्या निवडणुकीत जाक शिराक यांच्या बाहुलीने "सफरचंदं खा" हे वाक्य इतकं पसरवलं की बाहुलीमुळे शिराक लोकांना जवळचे वाटले आणि निवडून आले अशी चर्चा तिकडे अजून होते. २०१८ पर्यंत चाललं ते.

आणि फुटबॉल?

चॅनल सुरू झाल्यावर पाचच दिवसांनी, ९ नोव्हेंबर १९८४ ला, नाँत विरुद्ध मोनाको ही लीगची मॅच लाइव्ह दाखवली. त्याआधी फ्रान्समध्ये लीगच्या मॅच टीव्हीवर अशा नियमित लाइव्ह यायच्याच नाहीत. सिनेमासाठी एक गिऱ्हाईक, मॅचसाठी दुसरं, आणि घरात वर्गणी एकच.

ते रात्रीच्या "त्या" सिनेमांबद्दल ऐकलंय, खरं आहे का?

खरं आहे. १९८५ पासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी मध्यरात्री एक प्रौढांसाठीचा सिनेमा असायचा. चॅनलच्या प्रसिद्धीत त्याचा वाटा होता हे तिकडचे लोक मोकळेपणाने सांगतात. बाकी यात विशेष काही नाही.

रूसले का गेले?

१९९४ च्या फेब्रुवारीत हावास आणि जनराल देझो या दोन मोठ्या भागीदारांनी आपसात हातमिळवणी करून चॅनलवर ताबा पक्का केला. जनराल देझो म्हणजे १८५३ पासून शहरांना पाणीपुरवठा करणारी कंपनी, पुढे तिचंच नाव व्हिव्हेंदी झालं. रूसलेंनी राजीनामा दिला आणि ले मोंद दैनिकात लेख लिहून पंतप्रधान एद्वार बालादूर यांच्यावर सरळ ठपका ठेवला. लेस्क्यूर प्रमुख झाले. त्याच वर्षापासून सेझार म्हणजे फ्रान्सच्या सिनेमा पुरस्कारांचा सोहळा कनाल प्लसवर दिसायला लागला, तो आजही तिथेच असतो.

२००२ मध्ये एवढा गोंधळ कशामुळे झाला?

व्हिव्हेंदीचे प्रमुख जाँ-मारी मेसिए यांना जगातली सगळ्यात मोठी मनोरंजन कंपनी करायची होती. २००० मध्ये त्यांनी सीग्रॅम ही कंपनी विकत घेतली, तिच्यासोबत हॉलिवुडचा युनिव्हर्सल स्टुडिओ आला, आणि कनाल प्लस या प्रचंड गोतावळ्यात एक भाग होऊन बसलं. डिसेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी सांगितलं की फ्रान्सची सांस्कृतिक अपवादाची कल्पना मेली आहे. आता वर जो करार सांगितला तो सगळा याच कल्पनेवर उभा, की सिनेमा हा साबणासारखा माल नाही आणि त्याला बाजाराच्या भरवशावर सोडायचं नाही. ज्याच्या हातात फ्रेंच सिनेमाची तिजोरी आहे तोच असं बोलल्यावर पॅरिसमध्ये काय उसळलं असेल विचार करा.

१६ एप्रिल २००२ ला मेसिएंनी लेस्क्यूर यांना काढलं. त्या दिवशी कर्मचाऱ्यांनी चालू कार्यक्रम थांबवले, स्टुडिओत जमले आणि आपली सभा थेट प्रक्षेपित केली, डीकोडरशिवाय, सगळ्या देशाला दिसेल अशी. निवेदक, कॅमेरावाले, ऑफिसातले लोक, स्वतः लेस्क्यूर, सगळे एकत्र. चॅनल आपलंच घर असल्यासारखं वागणारे इतके कर्मचारी मी दुसऱ्या कुठल्या चॅनलच्या इतिहासात वाचलेले नाहीत.

जुलैत मेसिएंनाच जावं लागलं, आणि व्हिव्हेंदी युनिव्हर्सलने २००२ चा तोटा दाखवला २३.३ अब्ज युरो. सिनेमावाल्यांची तेव्हा झोप उडाली होती, कारण कनाल प्लस गेलं तर अर्धे सिनेमे सुरूच होणार नाहीत हे प्रत्येकाला माहीत होतं. चॅनल वाचलं, पण बरंच काही विकून आणि माणसं कमी करून.

फ्रेंचमध्ये पैसे भरून बघायची दुसरी सिनेमा चॅनल नव्हती का?

होती की. १९९६ मध्ये सॅटेलाइट आल्यावर टेपेएस नावाची स्पर्धक सेवा निघाली, तिचं टेपेएस स्टार हे चॅनल नवे सिनेमे दाखवायला लागलं आणि हॉलिवुडच्या हक्कांसाठी दोघांची जोरात चढाओढ झाली, भाव वाढले, स्टुडिओंची चंगळ. २००७ मध्ये टेपेएस कनाल प्लसमध्येच विलीन झालं आणि २०१२ च्या शेवटी टेपेएस स्टार बंद. २००८ मध्ये ऑरेंज या फोन कंपनीने स्वतःची सिनेमा-सिरीज चॅनल काढली, पुढे ओसीएस म्हणून ओळखली जाणारी, ती २०२४ मध्ये कनाल प्लसने घेतली. एकूण काय, जो आला तो शेवटी त्याच घरात गेला. ग्राहकाला हे सोयीचं असेल, पण प्रोड्युसरला दार ठोठवायला दुसरं घर उरत नाही आणि हे मला बरं वाटत नाही.

फ्रेंच म्हटलं की कॅनडाही आहेच. क्यूबेकमध्ये तर फ्रान्सच्याही आधी, १९८३ मध्ये पे-टीव्ही सुरू झाला आणि त्यातूनच सुपर एक्राँ हे सिनेमा चॅनल उभं राहिलं, आता ते बेल कंपनीकडे आहे. तिथला मुख्य माल म्हणजे फ्रेंचमध्ये डब केलेले हॉलिवुडचे सिनेमे आणि क्यूबेकचे स्वतःचे.

बोलोरे आल्यावर काय बदललं?

व्हाँसाँ बोलोरे हे उद्योगपती २०१५ मध्ये व्हिव्हेंदीतून चॅनलच्या कारभारात थेट उतरले. बाहुल्यांचा कार्यक्रम आधी डीकोडरमागे गेला, मग बंद. रोजच्या टीव्हीचे तुकडे जोडून दाखवणारा "झॅपिंग" २०१६ मध्ये बंद. त्यांच्याच बातम्यांच्या इतेले चॅनलवर २०१६ मध्ये महिनाभर संप झाला आणि पुढच्या वर्षी तेच सेन्यूज या नावाने आलं. जुन्या प्रेक्षकांना वाटतं की चॅनलचा खट्याळपणा तिथे संपला, आणि मलाही तसंच वाटतं. पण सिरीजचं काम त्याच काळात फार उंचीवर गेलं हेही तितकंच खरं.

नेटफ्लिक्स आल्यावर ती रांग टिकली का?

टिकली, पण ओढाताण भरपूर. नेटफ्लिक्स फ्रान्समध्ये सप्टेंबर २०१४ ला आलं, आणि तेव्हाच्या नियमाने थिएटरात लागलेला सिनेमा त्यांना ३६ महिन्यांनी मिळणार. म्हणून त्यांनी आपले सिनेमे तिकडे थिएटरात लावायचंच टाळलं. २०१७ मध्ये कान महोत्सवात यावरून वाद झाला आणि २०१८ पासून नियम पक्का, फ्रान्सच्या थिएटरात लावणार असाल तरच स्पर्धेत घेऊ.

२४ जानेवारी २०२२ ला नवा करार झाला. कनाल प्लस सहा महिन्यांनी, नेटफ्लिक्स १५ महिन्यांनी, डिस्ने आणि ॲमेझॉन १७, फुकट चॅनल २२. कनाल प्लसला एवढी पुढची जागा का, तर त्यांनी आधीच्याच महिन्यात तीन वर्षांत ६० कोटी युरोंपेक्षा जास्त सिनेमात घालायचं कबूल केलं होतं. डिस्नेला हे पटलं नाही, त्याच वर्षी त्यांनी एक मोठा ॲनिमेशन सिनेमा फ्रान्समध्ये थिएटरला लावलाच नाही. मग २०२५ च्या जानेवारीत डिस्नेने जास्त पैसे द्यायचं मान्य केलं आणि नऊ महिन्यांवर आले. मार्च २०२५ मध्ये कनाल प्लसने २०२७ पर्यंत ४८ कोटी युरो देण्याचा करार केला, म्हणजे वर्षाला आधीपेक्षा कमी. जो जास्त भरेल तो रांगेत पुढे, हे तत्त्व १९८४ चंच आहे, फक्त आता रांगेत माणसं वाढलीत.

आपल्याकडे बघा, मल्टिप्लेक्सवाले हिंदी सिनेमाला आठ आठवडे थांबायला लावतात तो व्यापारातला समझोता आहे, त्याच्या बदल्यात ओटीटीने पुढच्या सिनेमांत अमुक टक्के घालायचे असं काही त्यात नाही. मराठी सिनेमाला सरकारी अनुदान आहे, अ दर्जा, ब दर्जा, पण ते सिनेमा झाल्यावर. २००७ पासून झी टॉकीजसारखं फक्त मराठी सिनेमाचं चॅनल आपल्याकडे आहे, चॅनल हक्क घेतात, पण स्क्रिप्टवर सही करून ज्याच्या जोरावर बँक कर्ज देईल असा पैसा नवख्या दिग्दर्शकाला नियमाने मिळत नाही. मराठी सिनेमाला थिएटर मिळत नाही यावर आपण दर वर्षी भांडतो, मला वाटतं त्याच्या निम्म्या जोराने तरी चॅनल आणि ओटीटीवाल्यांकडे हा हिस्सा मागायला पाहिजे.

फ्रान्सबाहेर कुठे कुठे आहे?

१९८९-९० मध्येच ते बेल्जियम, स्पेनला गेलं, मग आफ्रिका, पोलंडला. फ्रेंच बोलणाऱ्या आफ्रिकेत तर ते घराघरात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनी व्हिव्हेंदीतून वेगळी होऊन लंडनच्या शेअर बाजारात आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेची मल्टीचॉइस ताब्यात घेतली, आता जगभरात चार कोटींच्या वर वर्गणीदार.

मॉरिशसमध्येही त्यांची डिशसेवा आहे. तिथले आपले मराठी लोक, ज्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि आसपासच्या भागातून गेले, ते घरात क्रिओल आणि फ्रेंच सहज बोलतात, त्यामुळे मराठी माणूस कनाल प्लस बघतो असं म्हणायला खरीखुरी जागा तीच.

जुन्या अँटेनावर अजून दिसतं का?

नाही. ॲनालॉग गेलं तेव्हा ते डिजिटल अँटेनावर आलं होतं, पण २०२४ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने त्याच समूहाच्या सेहुईत या फुकट चॅनलचा परवाना पुढे दिला नाही, त्यानंतर समूहाने आपली पे चॅनलही अँटेनावरून काढायचं ठरवलं. जून २०२५ मध्ये ती गेली. आता डिश, इंटरनेट बॉक्स किंवा ॲप.

भारतातून बघता येतं का? सुरुवात कुठून करू?

चॅनलची वर्गणी भारतात विकत नाहीत. पण त्यांनी बनवलेल्या सिरीज इंग्रजी सबटायटलसह वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवर येत-जात असतात, तेव्हा नावानं शोधायचं. पोलीस आणि कोर्ट आवडत असेल तर "आंग्रनाज", २००५ ते २०२०, आठ सीझन, पॅरिसची पोलीस चौकी, न्यायाधीश, वकील, सगळे दमलेले आणि सगळे खरे वाटणारे. हेरगिरी आवडत असेल तर "ल ब्युरो दे लेजाँद", २०१५ ते २०२०, यात गोळीबार कमी आणि ऑफिसातली माणसं जास्त, एक माणूस सहा वर्षं दुसऱ्याच नावाने जगून परत येतो आणि त्याला ते नाव सोडवत नाही. भुताखेताचं पण शांत हवं असेल तर २०१२ ची "ले रव्हनाँ", हिला आंतरराष्ट्रीय एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. पुण्यात किंवा मुंबईत असाल तर आलियाँस फ्रान्सेजमध्ये फ्रेंच सिनेमे दाखवतात, त्यांचं वेळापत्रक बघत जा, आणि गेलात की दिवे मालवल्यावर लगेच मोबाईलमध्ये डोकं घालू नका, पहिल्या मिनिटातली नामावली वाचा, कोणाकोणाच्या पैशावर तो सिनेमा उभा राहिला ते तिथे ओळीने लिहिलेलं असतं.